पानमळ्यातले कलम पंधरा

२६ जानेवारी १९५०, गुरुवार

आजपासून देशाची घटना सुरू झाली आणि माझी दैनंदिनीही. देशाच्या कामाला पुष्कळ विद्वान लोक लागले, दैनंदिनीचे मला एकट्यालाच निभवायचे आहे. मागे दोनदा सुरू करून सोडली होती. या खेपेस नेटाने लिहायची.

सकाळी वाचनालयावर झेंडा लागला. चिटणीस या नात्याने दोरी मी ओढली. गाठ जरा घट्ट बसली होती, त्यामुळे राष्ट्रगीत संपले तरी झेंडा गुंडाळलेलाच. शेवटी शेजारच्या आळीतल्या जॉनने शिडी लावून सोडवला. मग आमचे अध्यक्ष एकनाथकाका म्हणाले की विद्याधरने दर रविवारी घटनेवर व्याख्यान द्यावे, कारण आळीत तुरुंग पाहिलेला तो एकटाच आहे.

हे खरे आहे. बेचाळीस साली मी सहा महिने आत होतो. धाकटा भाऊ नरहरी तेव्हा मुंबईस नोकरीला, आमचा गडी धर्मा तापाने तुळिंजला आपल्या घरी पडलेला. पानमळ्याकडे बघायला कोणी नाही. आणि सुटून आलो तर वेल जसाच्या तसा, हिरवागार! निष्ठेने वाढवलेला वेल धन्याची वाट पाहतो, हे मी तेव्हापासून प्रत्येक भाषणात सांगतो. तिथे हमखास टाळी पडते.

आमच्या आळीत पानमळ्यात बाई जात नाही. बाईची सावली पडली की विड्याच्या पानाचा वेल आठ दिवसांत पिवळा पडतो, असे आजोबांच्या आजोबांपासून चालत आलेले आहे. पुरुषांनीसुद्धा वहाणा काढूनच जायचे. जॉनच्या आळीतही हीच रीत. वेलाला धर्म कळत नाही, पण बाई कळते.

रात्री जेवताना सावित्री म्हणाली, “त्या घटनेत कय हाय?”

मी म्हटले, “रविवारी ये. बायकांसाठी खिडकीबाहेर ओट्यावर बसायची सोय केली आहे.”

२९ जानेवारी, रविवार

पहिले व्याख्यान झाले. विषय समता. इंग्रजी प्रत समोर ठेवून मी कलम पंधरा मराठीत समजावले. धर्म, वंश, जात, स्त्रीपुरुष, जन्मस्थान, यावरून सरकार कोणत्याही नागरिकात भेद करणार नाही. दुकाने, खानावळी, विहिरी, तळी, रस्ते सर्वांना खुले. “आजपासून स्त्री ही पुरुषाच्या बरोबरीने उभी आहे!” या वाक्यावर मी टेबलावर हात आपटला. शाई सांडली, पण परिणाम चांगला झाला.

ओट्यावरच्या बायकांना वाक्य नीट ऐकू गेले नाही म्हणून मला ते खिडकीतून पुन्हा सांगावे लागले.

प्रश्नोत्तरांच्या वेळी जॉनची बायको क्लेमेंटीन खिडकीत डोके घालून म्हणाली, “विद्याधरभाऊ, हे कलम पानमळ्यात चालते का?”

ओट्यावर हशा पिकला. मी म्हणालो, प्रश्न विषयाबाहेरचा आहे. सावित्री हसत नव्हती. तिचा अंगठा पाने खुडणाऱ्या गड्यासारखा काळा दिसत होता; कच्ची केळी सोलली असतील.

३ फेब्रुवारी, शुक्रवार

पानमळेवाल्यांची सहकारी सोसायटी निघते आहे. इतकी वर्षे दलाल आमची पाने पडेल भावाने उचलत आले. आता सोसायटीच्या नावाने रेल्वेत जागा मिळेल आणि टोपल्या थेट उत्तरेकडे जातील. दलालही यापुढे सुटा माल घेणार नाही म्हणतो. म्हणजे जो सोसायटीत नाही त्याची पाने वसई रोड स्टेशनावर कुजणार.

दलालाने मागच्या दाराने सभासद होऊ नये म्हणून मी एक नियम लिहिला आहे: ‘जो स्वतः पानमळ्यात काम करतो तोच सभासद.’ छोटा, पण घटनेच्या तोडीचा.

संध्याकाळी प्रेमलता आली. नरहरीची बायको. तो जाऊन दुसरे वर्ष चालू आहे. मळ्याचा अर्धा भाग तिच्या वाटणीचा, मध्ये झावळ्यांचे कुंपण. थोरला दीर म्हणून ती माझ्याशी थेट बोलत नाही. ती माजघरात उभी राहते, मी ओटीवर बसतो आणि मधे सावित्री.

“वहिनी, भाऊजींना विचारा, सोसायटीत माझं नाव घालतील का.”

सावित्री माझ्याकडे वळली. “विचारते हाय, नाव घालाल का.”

“ऐकले मी,” मी म्हणालो. “तिला सांग, नियम आहे. स्वतः काम करणाराच सभासद.”

“वहिनी, भाऊजींना सांगा, मी विचारलं ते नियमाचं नाय, नावाचं.”

“सावित्री, तिला सांग, तिच्या मळ्यात काम धर्मा करतो.”

प्रेमलता हळू म्हणाली, “धर्माला काठीशिवाय उभं राहवत नाय, हे भाऊजींना दिसत नसेल.”

मला दिसते. पण तिचा वेल माझ्यापेक्षाही दाट आहे, याचा अर्थ धर्मा काठी टेकून का होईना काम करतो. जुन्या हाडाची माणसे.

५ फेब्रुवारी, रविवार

कमिटीने प्रेमलतेचा अर्ज नामंजूर केला. एकनाथकाकांनी मुद्दा फार स्वच्छ मांडला. ती वेलात जात नसेल तर ती काम करत नाही, म्हणून सभासद नाही. जात असेल तर तिने रीत मोडली, म्हणून सभासद नाही. तर्कशास्त्रात यापेक्षा पक्के काही नसेल. तरी घरी येताना प्रेमलतेचे दार टाळून मी लांबच्या वाटेने आलो. चालणे प्रकृतीला बरे.

काकांचे मन मात्र मोठे. म्हणाले, “बिचारीनं काळजी करू नये. तिचा मळा मी विकत घेईन. पोरीला घेऊन भावाकडे मुंबईला जाऊ दे सुखानं.” वाटणीचा बांध त्यांच्या मळ्याला लागूनच आहे, तेव्हा त्यांना सोयीचेही पडेल.

संध्याकाळचे व्याख्यान ‘कायद्यापुढे सारे समान’. ओट्यावर एकही बाई नव्हती. खिडकीत जॉनची शेळी तेवढी होती.

रात्री ताटात नुसते वरण. मी विचारले, “मासळी?”

“बाजाराला गेले नाय. बाईची सावली पडून मासळी पिवळी पडली तर?”

ही बाई कधी कधी बोलते, तेव्हा उत्तर सुचेपर्यंत जेवण संपते.

९ फेब्रुवारी, गुरुवार

ठाण्याहून सहकार खात्याचे साहेब आले. तरुण आहेत, स्टेशनावरून भाड्याच्या सायकलीने आले आणि येताना दोनदा वाट चुकले. प्रेमलतेने क्लेमेंटीनला बरोबर घेऊन थेट खात्याकडे तक्रार नेली होती! मला पत्ता नाही. घरात घटना शिकवली की हे असे होते.

मी तयार होतो. म्हणालो, “साहेब, कलम पंधरा सरकारला बांधते. सोसायटी म्हणजे सरकार नव्हे.”

“अगदी बरोबर,” साहेब म्हणाले. मी एकनाथकाकांकडे विजयाने पाहिले. तेवढ्यात ते पुढे म्हणाले, “पण सोसायटी नोंदवतो कोण? मी. आणि मी कोण? सरकार. तुमचा भेद तुमच्यापाशी होता तोवर तुमचा होता. त्यावर माझी सही झाली की तो सरकारचा झाला. माझी नोकरी नवी आहे हो, चिटणीस.”

काका म्हणाले, “साहेब, हा भेद बाईपुरुषाचा नाय. वेलच पिवळा पडतो त्याला आमी कय करणार?”

“कोणी पाहिलाय?”

“आमच्या आजोबांनी.”

“बोलवा त्यांना.”

“ते वारले.”

“माझ्या आजोबांनी पण पाहिलेला,” जॉन म्हणाला. साहेबांनी त्याच्याकडे पाहिले तेव्हा म्हणाला, “ते पण तिकडेच.”

शेवटी साहेबांनी तोड काढली. एका मळ्यात एका ओळीत सर्वांसमक्ष एक बाई जाईल. साहेब सव्वीस तारखेला येऊन वेल पाहतील. पिवळा पडला तर बायकांना नाव न देण्यास सबळ कारण आहे असे ते लिहितील. नाही पडला तर प्रेमलतेचे नाव लागेल.

आता मळा कोणाचा? काकांच्या वेलाला यंदा कीड आहे. जॉनचे उपवासाचे दिवस जवळ आले आहेत. बाकीचे कोणी छपराकडे, कोणी पायाकडे बघत बसले. मग सगळे माझ्याकडे बघू लागले. व्याख्याने देऊ नयेत माणसाने. लोकां सांगे ब्रह्मज्ञान अशी गत झाली, आणि पाषाण कोरडा राहण्याचीही सवलत नाही.

बाई कोण, तर माझी.

१२ फेब्रुवारी, रविवार

प्रयोग झाला.

आळी लोटली होती. विहिरीकडची शेवटची ओळ ठरवून तिला हळदीचा दोरा बांधला. काकांनी पंचांग पाहिले, जॉनने क्रूस काढला. धर्मा काठी टेकून दारात बसला होता. मी त्याला विचारले, “काय रे, काय होईल?”

“मालक, वेलाला समदं ठावं असतंय,” तो म्हणाला आणि तोंड फिरवून खोकला. त्याला हसू येत होते की खोकला, कळले नाही.

सावित्री न्हाऊन, ओल्या केसांनी आली. आयुष्यात कधी आत न गेलेली बाई, बुजेल, अडखळेल. पण ती झावळ्यांच्या बुटक्या दारातून बरोबर तितकीच वाकून गेली. आतला पाण्याचा पाट पायांखाली न बघता ओलांडला. एक फांदी खाली लोंबत होती. जाता जाता तिने केळीच्या सालीच्या दोरीने ती आधाराच्या पांगाऱ्याला बांधली, तीही माझ्यासारखीच गाठ मारून. बायकांना उपजत काही गोष्टी कळतात. यावर कधीतरी व्याख्यान द्यायला हवे.

ओळीच्या टोकापर्यंत जाऊन ती परत आली. सगळे वेलाकडे बघत होते, जसा काही तो आत्ताच बोट दाखवणार.

प्रेमलता कुंपणापलीकडे उभी होती. तिची पोर मंदा तिच्या पदराला धरून. प्रेमलतेने हात जोडले होते. देवाला की वेलाला, कोण जाणे.

१३ फेब्रुवारी

वेल ठीक. खबरदारी म्हणून त्या ओळीला दोन घडे जादा घातले.

१४ फेब्रुवारी

चार घडे. काही झाले तरी तो माझा वेल आहे.

१६ फेब्रुवारी

पेंड घातली. रोज घालतो तिच्या तिप्पट. सावित्री ओट्यावरून म्हणाली, “पाणी पुरे आता. मुळाशी चिखल झाला हाय.”

मी म्हणालो, “तुला पानमळ्यातले काय कळते?”

ती आत निघून गेली. जाताना भांडे जरा जोरात ठेवले.

१९ फेब्रुवारी, रविवार

व्याख्यान रद्द केले. घसा बसला आहे असे कळवले. खरे म्हणजे सकाळ-संध्याकाळ पाणी घालून पाठ बसली आहे. वेल टवटवीत दिसावा एवढीच इच्छा. माझ्या मनात काय आहे ते मलाच धड कळत नाही. वेल जगावा असे वाटते. प्रेमलतेचे नाव लागावे असेही वाटते, हे कमिटीत बोलता येत नाही. आणि एकनाथकाका खोटे ठरू नयेत असेही वाटते, कारण मग आजोबाही खोटे ठरतात.

२१ फेब्रुवारी

एक पान पिवळे.

मी ते खुडून खिशात घातले. आणखी दोन घडे घातले.

२३ फेब्रुवारी

ओळ पिवळी पडली. सगळी. बाकीच्या ओळी हिरव्याच आहेत, फक्त दोरा बांधलेली तेवढी गेली. आजोबा खरे निघाले. मला आनंद व्हायला हवा होता. मी विहिरीच्या कठड्यावर बसून राहिलो.

एकनाथकाका बघून गेले. “वाईट झालं,” म्हणाले, आणि जाताना प्रेमलतेच्या मळ्यात डोकावून वेल मोजून गेले.

प्रेमलतेने पत्र्याची ट्रंक खाली काढली आहे. माझ्याने तिकडे बघवत नाही. नरहरीने हा मळा लावला तेव्हा पहिली फांदी मी त्याला दिली होती. सावित्रीला म्हणालो, “तिला सांग, मी फार प्रयत्न केला.”

“बघत होते मी तुमचा प्रयत्न,” सावित्री म्हणाली.

२६ फेब्रुवारी, रविवार

आजचे जसे झाले तसे लिहिले पाहिजे.

साहेब आले, मळा पाहिला, पिवळ्या ओळीसमोर उभे राहून त्यांनी मान हलवली. मग वाचनालयात सभा. बायका खिडकीबाहेर ओट्यावर. एकनाथकाका म्हणाले, “साहेब, आता सिद्ध झालं. आमी बायकांच्या विरुद्ध नाय. वेल हाय.” साहेबांनी नाइलाजाने पेन काढले.

तेवढ्यात सावित्री आत आली. खिडकीतून बोलली नाही, दारातून आत आली आणि टेबलापाशी उभी राहिली. पदर डोक्यावर घट्ट धरलेला.

“साहेब, प्रयोगापासून त्या ओळीत मी एकदाच गेले. बाकीच्या ओळींत मी रोज पहाटे जाते. त्या हिरव्या हायत. तुमी आत्ताच बघून आले.”

साहेबांनी पेनाला टोपण लावले.

“रोज?” मी म्हणालो. माझाच आवाज मला परका वाटला.

“बेचाळीसपासून. तुमी आत, धर्मा तापानं पडलेला. वेलाला वाट बघता येत नाय हो. त्याला पाणी लागते.”

माझ्या व्याख्यानांतला टाळीचा भाग असा भर सभेत वाळून गेला.

साहेबांनी विचारले, “मग ही ओळ पिवळी का पडली?”

“तिच्यात हे गेले,” सावित्री म्हणाली. “दिवसाला सहा घडे घेऊन.”

पहिला हसला धर्मा. मग सगळेच. मीही हसलो असतो, पण मला कारण ठाऊक होते.

एकनाथकाकांनी टेबल वाजवले. “विद्याधर, तुझ्या घरात शिस्त नाय, त्याला आळी कय करणार? आमच्या घरात असलं खपत नाय!”

ओट्यावरून काकूंचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा, आवाज आला. त्यांना मोठ्याने बोलताना मी कधी ऐकले नव्हते. “तीन वर्षं तुमची कंबर धरलेली हाय. तुमाला वाकून वहाण घालता येत नाय. पानं मग कोण खुडते?”

काका खाली बसले. कंबर धरून बसले, त्यामुळे सगळ्यांना पटले.

“जॉन, तू गप बस,” क्लेमेंटीन खिडकीतून म्हणाली.

“मी कुठे कय बोललो?” जॉन म्हणाला.

“बोलशील म्हणून सांगते.”

मग प्रेमलता आत आली. साहेबांनी तिलाच विचारले की बाई, तुमचे काय म्हणणे. ती सवयीने सावित्रीकडे वळली. सावित्री म्हणाली, “मला नको सांगू. ते हे समोरच बसले हायत. त्यांनाच सांग.”

प्रेमलतेने माझ्याकडे पाहिले. लग्न होऊन आली तेव्हापासून पहिल्यांदा.

“भाऊजी, मळा मी राखते. यांच्या माघारी पहाटे मी आत जाते, पाणी मी देते, पानं मी खुडते. रीत मोडली म्हणून वाळीत टाका. पण काम करत नाय असं लिहू नका.”

मी मान खाली घातली.

साहेबांनी माझा नियम पुन्हा मोठ्याने वाचला. ‘जो स्वतः पानमळ्यात काम करतो तोच सभासद.’ “चांगला आहे,” ते म्हणाले. “बायकांचा प्रश्न यात मिटला. आता पुरुषांचे काय करायचे तेवढे सांगा.”

आळीतले कर्ते पुरुष एकमेकांकडे बघू लागले. कोण सभासद राहतो आणि कोण नाही याचा हिशेब ज्याच्या त्याच्या मनात चालू होता, आणि ओट्यावर बायका तो उघड करायला उत्सुक होत्या. शेवटी एकनाथकाकांनीच सूचना मांडली की नियम जरा कडक झाला आहे, तो सैल करावा. मळा ज्याचा किंवा मळा जो राखतो, तो सभासद, मग तो पुरुष असो की बाई. एकमताने मंजूर. आळीच्या इतिहासात इतक्या लवकर मंजूर झालेला हा पहिला ठराव असेल.

पहिले नाव प्रेमलतेचे लागले. ओट्यावर कोणीतरी रडले. मला वाटते काकू.

“माझं पण लिहा,” सावित्री म्हणाली.

“तुझे कशाला?” मी म्हणालो. “माझे आहे ना.”

“तुमचं नवीन नियमात बसते. माझं जुन्यातसुद्धा बसत होतं.”

साहेबांनी नाव लिहिले. मला विचारलेही नाही.

२७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी सावित्रीला विचारले, इतकी वर्षे का नाही सांगितलेस.

“सांगितलं असतं तर तुमी वेल उपटला असता. बाटला म्हणून.”

हे खरे आहे. मी उपटला असता आणि वर त्याचे व्याख्यान दिले असते.

थोड्या वेळाने ती तांदूळ निवडताना म्हणाली, “आनखी एक. तुमी सुटून आले ना, तवा वेलापाशी जाऊन रडले. मी कुंपणातून बघत होते. म्हणाले, बाबा, तू माझी वाट बघितलीस. मंग कसं सांगायचं?”

मला फार लाज वाटली. आणि बरेही वाटले, की माझी वाट पाहिली गेली होती. ती कोणी पाहिली ते मात्र मी कधी नीट बघितले नव्हते. हे तिला सांगायला गेलो तर ती म्हणाली, तांदळावर सावली पडते, जरा बाजूला व्हा.

८ मार्च, बुधवार

सोसायटीच्या टोपल्या आज पहिल्यांदा निघाल्या. बैलगाडीत पुढे प्रेमलता आणि सावित्री, मागे टोपल्या आणि मी. क्लेमेंटीन दुसऱ्या गाडीत, तिच्या मागे जॉन चालत. गाडीत जागा उरली नाही म्हणाला.

वसई रोडला मालाच्या खिडकीपाशी रांग. आत जाडा चष्मा लावलेला कारकून. त्याने पहिली टोपली पाहिली आणि मान वर न करता विचारले, “माल कोणाचा?”

सवयीने माझे तोंड उघडले.

“माझा,” प्रेमलता म्हणाली. इतक्या मोठ्याने, की पुढचा हमाल वळून बघू लागला. मग स्वतःच दचकली, आणि पुन्हा म्हणाली, “प्रेमलता नरहरी. माझा माल.”

कारकुनाने मान वर केली. आधी तिला, मग मला पाहिले. मी दुसरी टोपली उचलून खिडकीशी ठेवली. त्याने पावती फाडून हात पुढे केला, माझ्याकडे. मी हात मागे घेतला. तो पावती तशीच धरून बसला, मग प्रेमलतेने ती त्याच्या हातून घेतली. तिच्या डोळ्यांत पाणी होते. मलाही दिसेनासे झाले, धूर असेल स्टेशनातला. नाही, धूर नव्हता.

“पुढची?” कारकून म्हणाला. “ही कोणाची?”

“माझी,” सावित्री म्हणाली.

“त्याच्या मागची?”

“ती पण माझी.”

कारकून वैतागला. बायका माल घेऊन येतात आणि एक धोतर नेसलेला गृहस्थ नुसता टोपल्या उचलून ठेवतो, हे त्याच्या हिशेबात बसेना. त्याने पेन खाली ठेवले आणि मला विचारले, “आणि तुम्ही हो? तुम्ही कोण?”

चिटणीस म्हणालो असतो. व्याख्याते म्हणालो असतो. बेचाळीसचा कैदी म्हणालो असतो तर कदाचित चहा मिळाला असता. सावित्री माझ्याकडे बघत होती.

“मी सावित्रीबाईंचा नवरा,” मी म्हणालो.

कारकुनाने चष्म्यावरून मला नीट पाहून घेतले. “बरं बरं,” तो म्हणाला. “मग जरा बाजूला उभे राहा, त्यांना सही करू द्या.”